डावीकडचा दबलेला आवाज

गाडीच्या दाराचं पॅड काढलं की आत काय सापडेल, याचा नेम नसतो. मला कंगवे सापडले आहेत, सुकून काळ्या पडलेल्या लिंबू-मिरच्या सापडल्या आहेत, एकदा तर उंदराचं अख्खं बाळंतपण सापडलं आहे. जबलपुरात मदन महल स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. जुन्या गाड्यांमधले कंपनीचे स्पीकर काढायचे आणि चांगले नवे बसवायचे, हा माझा धंदा. लोकांना वाटतं, कारागीर म्हणजे सगळं ठाऊक असलेला माणूस. माझा अनुभव उलटा आहे. 'हे असं काहून होऊन राहिलं?' असं स्वतःलाच विचारण्यात माझी निम्मी हयात गेली.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीसोबत येणारे स्पीकर कंपनीनं काटकसरीत बसवलेले असतात. कागदाचा शंकूसारखा कोन, त्याला कडेनं फोमची किनार, मागं एवढंसं चुंबक. जबलपूरच्या उन्हाळ्यात गाडी दुपारभर उभी राहिली की ती किनार पापडासारखी होते. पावसाळ्यात काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि कोन भिजतो. मग गाणं सर्दी झाल्यासारखं वाजतं. नवा स्पीकर चांगला असतो, पण त्याचं चुंबक मोठं. तो तसाच बसवला तर काच खाली करताना चुंबकावर आपटते. म्हणून आधी प्लायवूडची गोल कडी कापायची, ती दारावर बसवायची, आणि तिच्यावर स्पीकर. वायर जोडण्याआधी टॉर्चचा सेल क्षणभर टेकवून पाहायचा. कोन बाहेर उसळला तर जोडणी सुलट, आत गेला तर उलट. एका दारात सुलट आणि दुसऱ्यात उलट झाली, तर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि तबल्याचा डग्गा कुठं गेला ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट. गाण्याचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा. पेटी एकीकडून, बासरी दुसरीकडून. दोन्ही बरोबर जुळले की गाणारा मधोमध, समोरच्या काचेजवळ बसल्यासारखा वाटतो. गिऱ्हाईक आत बसून डोळे मिटतं आणि त्याला गाणारा समोर सापडतो, त्या क्षणासाठी मी हा धंदा केला, असं म्हटलं तरी चालेल. बाकी गिऱ्हाइकं काय, त्यांना गाणं नकोच असायचं. "भैया, छाती में लगना चाहिए," म्हणायचे. मझौलीचा एक ट्रान्सपोर्टवाला आला होता. त्याच्या जीपमध्ये ब्रेक दाबला की गाणं बंद व्हायचं, सोडला की पुन्हा सुरू. पुजाऱ्याकडून धागा बांधून झाल्यावर तो माझ्याकडं आला. "इसमें कुछ है," एवढंच बोलला, आणि गाडीत बसायलाही तयार होईना. मलाही काही कळेना. शेवटी अर्थिंगचा, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, एक गंजलेला स्क्रू निघाला. ब्रेकचा दिवा आणि गाणं वाजवणारा डेक, दोघांचं मरण त्या एका स्क्रूत होतं.

पण सगळ्यात जास्त गोंधळ माझा उडवला तो डोंगरेकाकांनी.

डोंगरेकाका माझ्या वडिलांच्या ओळखीचे. दोघंही डिफेन्स फॅक्टरीत. वडील लेथवर, काका इन्स्पेक्शनमध्ये. आमच्यासारखंच त्यांचंही घर मूळ भंडाऱ्याकडचं, विहारात येणं-जाणं. फॅक्टरीत काकांचा दरारा होता. डोळ्याला न दिसणारी चीर ते बोटानं ओळखत आणि माल परत पाठवत, असं वडील सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, चौकोनी डब्यासारखी. एका सकाळी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. काका चालवत होते आणि विमलकाकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, टॅक्सीत बसल्यासारख्या.

"जय भीम, काका. काकू मागं काहून बसल्या?" मी सहज विचारलं.

"त्यांनाच विचार," काका म्हणाले, आणि लगेच कामावर आले. "दिलीप, या गाडीचा डावा स्पीकर गेला, पाह्य. सगळा आवाज उजवीकडूनच येते. जुनेच आहेत दोन्ही, तू नवेच टाकून दे. नागपूरला जातो आम्ही, लेकीकडं. रस्त्यानं भीमगीतं ऐकत जायची हौस आहे माझी."

दारं उघडली. दोन्ही किनारी झडलेल्या, कोन फाटलेले. डावा जेवढा मेला होता तेवढाच उजवाही. मला तेव्हाच थोडं नवल वाटलं होतं, पण नवे टाकायचेच आहेत म्हटल्यावर जुन्यांचा पंचनामा कोण करतो? कड्या कापल्या, सेल टेकवला, सगळं नीट बसवलं, आणि भीमगीत लावलं. गाणारी अगदी समोर. मी खुशीत काकांकडं पाहिलं.

त्यांनी मान हलवली. "आवाज साफ आहे. पण डावा दबलेलाच आहे."

मी आत बसलो. मला तर दोन्हीकडून सारखं ऐकू येत होतं. म्हटलं, नवा स्पीकर खराब निघाला असेल, कधी कधी निघतो. डावा काढून उजवीकडं बसवला, उजवा डावीकडं. आता खरोखर स्पीकरमध्ये दोष असता तर तो उजवीकडं गेला असता. काका बसले, ऐकलं, आणि म्हणाले, "डावाच दबलेला."

मग वायर बदलली. डॅशबोर्डपासून दारापर्यंत नवी वायर ओढली. दोन दिवसांनी काका परत हजर. डावा दबलेला. डेक काढून माझ्याकडचा दुसरा लावून पाहिला. डावा दबलेला. डेकवर एक बटण असतं, त्यानं डावीकडचा आवाज वाढवता येतो. तो पुरता वाढवला, तर मला डावं दार फुटेल असं वाटायला लागलं. काका म्हणाले, "हो, थोडा आला. पण दुरून आल्यासारखा."

माझी मतीच गुंग झाली. मी शेजारच्या चहावाल्याला आणून गाडीत बसवलं. तो म्हणाला, "एकदम बढ़िया है, भैया." घरून बायकोला बोलावलं. तीही म्हणाली, "मला तर दोन्हीकडून येऊन राहिलं." तरी मनात शंका घर करून बसली. इतकी वर्षं मी लोकांचे स्पीकर जुळवले, ते बरोबर जुळवले की माझाच एक कान वाकडा आहे? दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांतही मी डावा-डावा करत बसायला लागलो. एका डॉक्टरीणबाईंची गाडी झालेली असताना मी तिचं पॅड उगाच पुन्हा काढलं. आत सगळं ठीक होतं.

काका रागावले नव्हते, पण त्यांचा चेहरा इन्स्पेक्शनवाल्याचा झाला होता. "दिलीप, तू सगळं करून राहिला, मला दिसते ते. पण माल पास होत नाही म्हणजे नाही. मी फॅक्टरीत साहेबाच्या दबावानं कधी सही केली नाही, तुझ्या तोंडाकडं पाहून काहून करू?"

या सगळ्या फेऱ्यांमध्ये काकू मागच्या सीटवर. एकदा काका शेजारी पान आणायला गेले तेव्हा मी पुन्हा विचारलं, "काकू, तुम्ही पुढं बसा ना. मागं उन्हाचा त्रास होते."

काकूंनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं. "पुढं बसून काय करू बाप्पा? पहिले बसत होती. मी बोलत राहायची अन् हे समोर पाहत राहायचे. हूं नाही की चूं नाही. एक दिवस म्हटलं, भिंतीसंग बोलण्यापेक्षा मागं बसलेलं बरं. दोनेक वर्षं झाली असतील. घरीही तसंच. जेवताना विचारलं, भाजी कशी झाली, तर पानात पाहून जेवत राहते माणूस. काही तरी मनात धरलं आहे माझ्याबद्दल. काय धरलं ते मले माहीत नाही."

वडिलांच्या वयाच्या माणसांच्या भांडणात काय पडायचं? मला वाटलं, निवृत्तीनंतर होतं असं. माणूस दिवसभर घरात, बोलायचं संपतं. मी स्क्रू फिरवायचा पेचकस उचलला आणि पुन्हा दाराशी बसलो.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, काका चालकाच्या सीटवर, गाणं चालू, काकू मागं. मी डाव्या दाराशी उकिडवा बसलेलो. मला आता काय तपासायचं तेही सुचत नव्हतं, नुसता हात फिरवत होतो. काकूंनी पाण्याची बाटली पुढं केली. काकांनी ती घ्यायला अंग वळवलं, दोन सीटांच्या मधून पुरते मागं वळले, आणि तसेच थांबले.

"अरे!" ते म्हणाले. "आला! दिलीप, डावा आला! काय केलं तू?"

मी काहीच केलं नव्हतं.

"एकदम साफ," काका खुशीत म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण आता उजवा दबला."

"काका, पुढं पाहा बरं."

ते सरळ झाले. "गेला डावा."

"आता मागं वळा."

"आला. उजवा गेला."

आता वाचणाऱ्याला वाटेल, इथं तरी या माणसाला कळायला हवं होतं. पण मी वायरचा माणूस. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली असेल? सीटखालची वायर! काका वळले की सीटवरचं वजन सरकतं, खाली कुठं तरी वायर दबते, असं मी धरलं. मी त्यांना उतरवलं, सीट उचकटली, खाली टॉर्च मारून पाहिलं. खाली शेंगदाण्याची टरफलं होती. वायर तिथून जातच नव्हती. ती मीच दुसऱ्या बाजूनं नेली होती आणि विसरलो होतो.

मी हातात टॉर्च घेऊन वेड्यासारखा उभा राहिलो. काकाही उभे. दोघंही त्या गाडीकडं असं पाहत होतो, जसं काही ती आमची मस्करी करून राहिली.

काकू मागच्या दारातून उतरल्या. त्या काकांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, अगदी खांद्याजवळ, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी उद्या नागपूरला जाऊन राहिली. परत येणार नाही."

काका सीटकडं पाहत होते. पाहतच राहिले.

काकू त्यांच्या पाठीमागून फिरून उजवीकडं गेल्या. तितक्याच आवाजात म्हणाल्या, "ऐकलं काय?"

"काय?" काका दचकून वळले. "तू कधी उतरली?"

काकूंचा चेहरा मी आजही सांगू शकत नाही. मी सीट जागेवर ठेवली तशी त्यांनी काकांना पुन्हा तिच्यावर बसवलं, मला म्हणाल्या, "गाणं मोठं कर." मी केलं. रस्त्यावरून जाणारे वळून पाहायला लागले एवढं मोठं. मग काकूंनी आपला तळहात काकांच्या उजव्या कानावर घट्ट दाबून धरला.

काकांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "दिलीप, गाणं काहून बंद केलं?"

दाराची कडी थरथरत होती. माझा हात तिच्यावर होता, मला ते जाणवत होतं. मी उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, काकूंच्या तोंडाकडं पाहिलं, मग हळूच काकूंचा हात कानावरून बाजूला केला. गाणं त्यांच्यावर आदळलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकू तिथंच दुकानाच्या पायरीवर बसल्या. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी रागावून राहिली यांच्यावर." आणि पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

काका मात्र गाडी सुरू करून बसले. काकू मागं जाऊन बसल्या, आणि गाडी गेली. मी त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. स्पीकर ठीक होते, जोडणी ठीक होती, माझा कान ठीक होता. पण ज्या दोषाच्या मागं मी इतके दिवस लागलो होतो तो सापडल्यावर त्याचं काय करायचं, ते मला समजेना. गाडीतला दोष दुरुस्त तरी करता येतो.

काका बरेच दिवस आले नाहीत. विहारात काकू भेटल्या तेव्हा कळलं, डॉक्टरांना दाखवलं. यंत्र लावून तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डावा कान जवळजवळ पूर्ण गेलेला, आतली नस. काहून गेला? फॅक्टरीतल्या आवाजानं म्हणावं तर दोन्ही जायला हवे होते. डॉक्टर म्हणाले, "कभी-कभी ऐसे ही चला जाता है." काकांना ते उत्तर पटलं नव्हतं. आयुष्यभर कारण लिहून माल परत पाठवणाऱ्या माणसाला 'असंच जातं' हे कसं पटावं? मलाही पटलं नाही. स्पीकर असाच जात नाही. काही तरी जळतं, तुटतं, गंजतं.

"आणि कळलं कसं नाही त्यांना?" मी विचारलं.

"हळूहळू गेला असेल. फोन उजव्याच कानाला लावतात. टीव्हीसमोर त्यांची जागा अशी की उजवा कान टीव्हीकडं. घरात आवाज कुठून ना कुठून येतच राहते. गाडीतच तेवढं कळलं त्यांना, की एक बाजू रिकामी आहे. ती बाजू आपली आहे हे नाही कळलं. अन् त्यांना तर वाटत होतं, मीच बोलणं बंद केलं. मी मागं जाऊन बसली ना. विचारायची हिंमत झाली नाही, म्हणाले."

एका घरात दोन माणसं, दोघांनाही वाटतं की दुसरा रागावला आहे, आणि दोघंही आपापल्या बाजूनं बरोबर.

त्यानंतर काका आले, एकटेच. दुकानात बसले, चहा घेतला. स्पीकरचं नाव काढलं नाही. उठताना म्हणाले, "दिलीप, सगळं गाणं उजवीकडं आणता येते काय?"

मी त्यांना समजावलं. डावीकडची पेटी त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणजे गाण्याचा तो भागच त्यांच्यापुरता पुसट होतो. दोन्ही भाग एकत्र करून ते दोन्ही दारांत सारखेच सोडले, तर उजव्या कानाला काहीच कमी पडणार नाही. पण मग गाणारा समोर बसल्यासारखा वाटणार नाही. काका हसले. "मले कुठं समोर दिसून राहिला तो?"

गाण्याचे दोन भाग नीट वेगळे ऐकू यावेत म्हणून मी आयुष्यभर धडपडलो. त्या दिवशी ते स्वतःच्या हातानं एकात कालवले. काम छोटंसंच होतं. काका बसले, त्यांनी अख्खं भीमगीत ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. पास की नापास, काही कळेना.

"बरं आहे," ते म्हणाले. काकांच्या तोंडून 'बरं आहे' मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. ते माल पास करायचे किंवा परत पाठवायचे. हे मधलं काय होतं, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला.

पुढं पावसाळा गेला, थंडी आली. एका सकाळी मी दुकानासमोर झाडून घेत होतो, तर तीच पांढरी गाडी रस्त्याच्या कडेनं हळूहळू येताना दिसली, इतकी हळू की मागचे रिक्षावाले चिडले होते. गाडी माझ्यासमोर येऊन, एक हिसका देऊन थांबली. स्टिअरिंगवर काकू होत्या. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, साडीवर स्वेटर, कपाळावर घाम. काका डावीकडच्या सीटवर बसले होते.

"काकू! तुम्ही कधी शिकल्या?"

"शिकूनच राहिली," काकू म्हणाल्या. "लायसन आलं. हात बसला नाही अजून. आज कुंडमला चाललो, यांच्या बहिणीकडं."

"हीच म्हणाली," काकांनी पलीकडून सांगितलं. "म्हणे, तुम्ही डावीकडं बसा, मी उजवीकडं. म्हणजे तुमचा चांगला कान माझ्याकडं राहते. मी म्हटलं, या वयात कुठं? ऐकते का ती?"

मला माझी कारागिरी सुचली. मी म्हणालो, "काका, आता तुमची जागा बदलली. आणा गाडी आत, त्या हिशोबानं स्पीकर पुन्हा जुळवून देतो. एखादा चांगला मधे बसवू, वर, डॅशबोर्डवर. उजव्या कानाला सरळ लागेल."

"राहू दे," काका म्हणाले. "ही गाणं लावूच देत नाही. घरून निघाल्यापासून बोलूनच राहिली आहे."

"तर काय करू? दोन वर्षांचं बाकी आहे," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं मान हलवून त्यांनी गिअर टाकला. तो कुठला पडला देव जाणे. गाडीनं एक गचका खाल्ला आणि भर रस्त्यात बंद पडली. मागं हॉर्नची रांग सुरू झाली. मी ढकलायला धावलो. मागच्या काचेतून मला दिसत होतं, आत काकू एक हात चाकावरून काढून काही तरी सांगत होत्या, आणि काका मान त्यांच्याकडं कलती करून ऐकत होते, गाडी बंद पडली आहे याची दोघांनाही शुद्ध नसल्यासारखे.